दहाव्याचा घास

समुद्र पाहायला म्हणून एवढ्या लांब गेलेली बाई समुद्र न पाहताच परत आली, असं कुठं ऐकलंय का तुम्ही? धावड्याच्या चतुराबाईचं तसंच झालं. विचारलं तर आजही सांगते, "पाणी लई होतं म्हणतात. माझं ध्यान न्हाई गेलं."

चतुराबाई म्हणजे ऐरीगैरी बाई नव्हे. भोकरदन तालुक्यात शेडनेटमधल्या मिरचीचं बियाणं करणाऱ्या बाया पुष्कळ, पण नराच्या फुलाची भुकटी मादीच्या फुलाला लावावी ती चतुराबाईनंच. कंपनीचे साहेबसुद्धा तिच्या प्लॉटमध्ये उभे राहून फोटो काढून गेले. यंदा कंपनीनं चांगलं बियाणं देणाऱ्यांची सहल काढली, थेट गोव्याला. गावोगाव प्लॉट लावून देणारा ऑर्गनायझर बद्रीनाथ निरोप घेऊन आला, तेव्हा ती म्हणाली, "मला काय करायचाय रे समुंदर? भाकरीसंगं खाता येतो का?" पण तिची लेक तृप्ती कॉलेजात शिकलेली, हट्टी. तिनं दोघींची नावं देऊन टाकली अन् आईला सांगितलं ते बस सुटायच्या आदल्या दिवशी.

तर बस गोव्यातल्या एका जुन्या बंदरावर येऊन थांबली. पोर्तुगिजांच्या काळातला जांभ्या दगडाचा धक्का, आणि जुन्या तोफा तोंडाकडून जमिनीत गाडून त्यांचेच खुंटे केलेले, बोटी बांधायला. जकातीच्या जुन्या कचेरीचं आता हॉटेल झालेलं. तिथं छत्र्यांखाली माणसं दिवसाढवळ्या पेले घेऊन बसलेली. धक्क्याला पांढऱ्याधोप बोटी अन् एका बोटीवर बाई पालथी पडून ऊन खात होती. चतुराबाईनं एकदा पाहिलं अन् पदर तोंडाला लावला.

"तिला बरं न्हाई का गं?"

"आई, बघू नकोस तिकडं," तृप्ती हसायला लागली.

तेवढ्यात गाइड सांगू लागला की ह्याच किनाऱ्यावरून पोर्तुगिजांनी आपल्या देशात मिरची आणली. चतुराबाईला हे बिलकुल पटेना. "आणली म्हंजे? आधी नव्हती का? मंग ठेचा कशाचा करायचे लोक?" सगळी बस खदाखदा हसली. तिला मात्र मनातून धक्काच बसला. जन्म जिच्यात गेला ती मिरचीसुद्धा परगावची निघाली. आज अजून काय काय निघतंय कुणास ठाऊक, असं ती पुटपुटली, आणि बोलाफुलाला गाठ पडली म्हणतात ती अशी.

ऊन उतरायला लागलं होतं. तृप्ती बोटींचे फोटो काढत पुढं गेली. चतुराबाई धक्क्याच्या कठड्यावर बसली आणि पिशवीतून धपाट्यांचं फडकं काढलं. मासळीमुळं तिथं कावळे हेऽ एवढे. दोन-तीन लगेच कठड्यावर येऊन माना वाकड्या करून बसले. कावळ्यांसमोर बसून खायचं चतुराबाईला जमत नसे, म्हणून तिनं फडकं परत बांधलं.

त्याचं कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

तिचा नवरा मिरचीचा टेम्पो घेऊन कोल्हापूरच्या बाजारात गेल्ता, तो परत आलाच नाही. ड्रायव्हर एकटा आला, मिरची विकल्याच्या पट्टीचे पैसे दिले, म्हणाला, बाजारात चुकामूक झाली. तेव्हा चतुराबाई पोटुशी होती. पोलिसात कळवलं, देवऋषी झाले, पंढरपूरपासून अजमेरपर्यंत फोटो फिरवला. बारा वर्षं गेली. मंग भावकी बसली अन् ठरवलं, माणूस गेला समजायचं. पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. चतुराबाईची पोत काढली, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. तृप्ती शाळेचा ड्रेस घालून हे सगळं बघत होती.

आणि दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. पिंड ठेवला, सगळे लांब सरले. झाडावर कावळ्यांची शाळा भरलेली, पण एक खाली उतरेल तर शपथ. जीव कशात तरी अडकला असला की कावळा शिवत नाही म्हणतात. म्हणून एकेक जण पुढं होऊन गेलेल्याला शब्द देऊ लागला. चतुराबाई म्हणाली, लेकीला शिकवीन. कावळा हलला नाही. जमीन विकणार न्हाई, तुमच्या आईला अंतर देणार न्हाई. तरी नाही. दिवस बुडायला आला तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. पण दर्भाच्या कावळ्यानं कुणाचं समाधान होतं? सासू चांगुणाबाई घरी येऊन म्हणाली, "काय अपुरं ठेवलंस गं माझ्या लेकाला, की त्याचा जीव तुझ्यापाशी अडकून बसला?"

हे वाक्य चांगुणाबाई मरेपर्यंत म्हणत राहिली. तिच्यानंतर गावानं उचललं. दर पितृपक्षात चतुराबाई पत्र्यावर पान ठेवायची आणि खाली उभी राहून वर बघायची. काय अपुरं राहिलं? एकदा भाजी खारट झाली होती ते? जाताना चहा न पिता गेले ते? इतकी कर्तबगार बाई, पण हा एक काटा काही निघेना. रात्रंदिवस तिला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं.

तर ती कठड्यावर बसलेली. समोर एक छोटी बोट धक्क्याला लागली. "डॉल्फिन, डॉल्फिन, आखरी ट्रीप!" असं ओरडत एक माणूस उतरला. नारळाची झाडं छापलेला शर्ट, केसांना काळा रंग, पोट सुटलेलं. दोर घेऊन तो एका तोफेपाशी वाकला. डाव्या हातानं दोन वेढे टाकले, शेंडा पायाच्या अंगठ्यानं दाबून खालून ओवला, आणि गाठ बसल्यावर तिच्यावर तीनदा थाप मारली.

चतुराबाईच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं.

बैलाचं दावं खुंट्याला असं बांधणारा माणूस तिनं उभ्या जन्मात एकच पाहिला होता. थाप मारायचा तो बैलाच्या मानेवर, 'उभा राह्य शहाण्यासारखा' म्हणून. इथं बैल नव्हता, तरी हात थाप मारत होता. छे, असं कसं होईल? आपण स्वतः जाळलाय त्याला!

माणूस पैसे खिशात घालत पाठ फिरवून निघाला. गर्दीत चार पावलं गेला की दिसेनासा होणार. हाक मारायला हवी होती, पण मारणार काय? 'अहो' म्हणावं तर तिथं सगळेच अहो. नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. तहसीलमध्ये साहेबानं विचारलं तर शेजारणीला पुढं करायची. कुंकू पुसल्यावरसुद्धा तिनं ते नाव घेतलं नाही. जिभेला सवयच नव्हती. पण तो चालला होता, आणि चतुराबाई उभी राहिली, अन् शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधाला मारावी तशी हाक मारली, "काकासाहेब!"

छत्र्यांखालची माणसं बघायला लागली. आणि तो माणूस गर्रकन वळला.

खेळ खलास. दुसरा असता तर वळला नसता.

तो जवळ आला. रंग उतरलेला चेहरा. "चतुरा?"

"मेले न्हाई तुम्ही?"

"हळू बोल. इथं मला शेखर म्हणतात."

चतुराबाईचं तोंड थांबेना. "कुणी धरून नेलं होतं का? डोक्याला मार लागून इसर पडला होता का? आजार झाला होता का काही? बोला ना!" बघा, बाईनं एवढ्या वर्षांत त्याच्यासाठी किती कारणं जमवून ठेवली होती. एखादं त्यानं उचलायचं, एवढंच बाकी होतं.

त्यानं एकही उचललं नाही. "न्हाई गं. मिरची विकली, पैसे ड्रायव्हरपाशी दिले. स्टँडवर गोव्याची गाडी लागली होती. म्हणलं, दोन दिवस समुद्र पाहून येऊ. पाहिला. आज न्हाई उद्या जाऊ म्हणलं. मंग उद्याही राह्यलं. पुढं लाज वाटायला लागली."

"माझं काय चुकलं होतं?"

"तुझं?" त्याला खरंच आठवेना. "तुझं काय चुकायचंय?"

"बस? एवढंच?"

"एवढंच."

चतुराबाई त्याच्याकडं बघतच राहिली. भांडण नाही, रुसवा नाही, खारट भाजी नाही. स्टँडवर गाडी लागली होती, म्हणून! तिला वाटलं ओरडावं, छाती बडवावी, ह्याला ह्याच पाण्यात ढकलावं.

"आई हाय का?" त्यानं विचारलं.

"गेली. तुमच्या नावानं मला बोल लावत गेली."

तो चाचरत म्हणाला, "अन् ते... तुझ्या पोटात होतं ते? पोरगं झालं का पोरगी?"

त्या एका प्रश्नानं तिच्या मनातलं उरलंसुरलं 'अहो' संपलं. ती तोंड उघडणार, तोच तृप्ती पळत आली. "आई, किती शोधलं तुला! कशाला ओरडत होतीस? चल, इथंच फोटो काढू, मागं बोटी छान दिसून राह्यल्यात." आणि तिनं मोबाइल त्याच्याच पुढं केला. "काका, आमचा दोघींचा एक फोटो काढता का?"

त्यानं मोबाइल घेतला. तृप्तीनं आईच्या गळ्यात हात टाकला. तृप्तीचं नाक काकासाहेबाचंच, आणि हनुवटी थेट चांगुणाबाईची. तो मोबाइलमध्ये बघत राहिला, बघतच राहिला.

"दाबा ना काका, ते गोल बटन."

दाबलं त्यानं. तृप्तीनं फोटो बघून तोंड वाकडं केलं, "हलला हो तुमचा हात." थँक्यू म्हणाली अन् बसकडं निघाली. बद्रीनाथ तिकडून "मावशी, जल्दी!" म्हणून हाका मारत होता.

"चतुरा, तिला सांगशील का?" तो म्हणाला. डोळ्यात पाणी होतं त्याच्या.

"तू गप उभा राह्य." आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला अरेतुरे केलं.

तिनं फडकं सोडलं. एका धपाट्याचा घास मोडून कठड्यावर ठेवला आणि चार पावलं मागं सरली, दहाव्याला सरतात तशी. काकासाहेबाला कळलं. गावचाच तो, कळणार नाही तर काय. "अगं, मी जित्ता हाय," तो घाईघाईनं म्हणाला. चतुराबाईनं कुणाला काही शब्द दिला नाही, काही कबूल केलं नाही, नुसती बघत राहिली. कठड्यावरचा कावळा दोन उड्या मारून आला, घास उचलला अन् उडून गेला.

"शिवला," ती म्हणाली. "तुझा जीव कशातच अडकलेला नव्हता."

ती वळली आणि चालू लागली. मागून त्यानं दोनदा हाक मारली असेल, तिनं मान वळवली नाही. बसच्या दारात तृप्तीनं तिचा चेहरा पाहिला आणि घाबरली. "आई, काय झालं? कोण होते ते काका?"

चतुराबाई खालच्या पायरीवरच बसली. दारातल्या दांडीला धरून ती ढसाढसा रडली. पुतळा जाळला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती.

"मी काही अपुरं ठेवलं नव्हतं गं, तृप्ती," ती म्हणाली. "काहीच न्हाई."