तुळसाची सही

गिरणीच्या संपाला आठवा महिना होता आणि तुळसाला पाचवा. घोडपदेवच्या चाळीत दोन्हींची चौकशी एका दमात व्हायची. पोट मात्र सातव्याचं दिसत होतं. सासू सखुबाईने जुळं जाहीर करून टाकलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. उशिरा देणारा देव दोन्ही हातांनी देतो, असं तिचं म्हणणं.

सोमवारी सकाळी भाकऱ्या थापताना तुळसा पोट धरून खाली बसली. उलट्या थांबेनात. तिच्या नवऱ्याने, हरेश्वरने, तिला टॅक्सीत घालून परळच्या हॉस्पिटलात आणलं, सखुबाई मागोमाग.

डॉक्टर मृणालिनींनी तपासलं. "मूल एकच आहे. बाकीची गाठ. तिला पीळ बसलाय. आत्ता काढली नाही तर ती आत सडेल आणि दोघंही जातील."

"काढली तर?" हरेश्वरने विचारलं.

"आई बहुतेक वाचेल. मुलाचं वचन देत नाही. ऑपरेशनसाठी इथे सही करा."

हरेश्वर बाकावर बसून कागद पहिल्या ओळीपासून वाचू लागला. आठ महिन्यांत त्याने कशावरही सही केली नव्हती. गिरणीतून कामावर परतायचं हमीपत्र घेऊन माणूस दोनदा घरी आला होता. दोनदा चहा पिऊन गेला. चाळीत हरेश्वरला जो काही मान होता तो एवढ्यासाठीच.

"'बरंवाईट झाल्यास जबाबदारी हॉस्पिटलची नाही,'" त्याने मोठ्याने वाचलं. "बाई, मालकही हेच लिहितात. ही ओळ खोडा, मग करतो."

"मेल्या, बायको मरतेय तुझी!" सखुबाई ओरडली. "युनियन मागाहून चालव!"

पेन कागदाला टेकलं आणि तिथेच राहिलं. खरं तर त्याला मालक आठवतच नव्हते. उद्या मूल गेलं तर त्याखाली आपलं नाव असेल, एवढंच दिसत होतं. ते बोलवत नव्हतं, म्हणून तो हमीपत्राबद्दल बोलत होता.

"अहो, आणा तो कागद इकडे," स्ट्रेचरवरून तुळसा म्हणाली.

"तू पडून राहा."

"पोट कुणाचंय?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "हिची सही चालते. म्हणजे, हिचीच लागते," त्या म्हणाल्या. सकाळपासून हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तुळसाने एक कळ जाऊ दिली आणि सातवीतल्या वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं.

"आता खाली तुम्ही करा. साक्षीदार म्हणून. मला एकटीला नको."

हरेश्वरने सही केली. आठ महिन्यांनंतरची ती सही त्याची वाटत नव्हती, पण कुणी हरकत घेतली नाही.

दुपारी सखुबाईला ट्रेमधली गाठ दाखवली. नारळाएवढी होती. त्यानंतर तिने जुळ्याचं नाव काढलं नाही. गाठ साधी निघाली. मुलाचं मात्र चार दिवस कुणी काही सांगेना.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोटावर लाकडी नळी टेकवून बराच वेळ ऐकलं, मग नळी हरेश्वरपुढे धरली. त्याने कान लावला. त्याला काहीसुद्धा ऐकू आलं नाही.

"येतंय ना?" त्यांनी विचारलं.

"येतंय," तो म्हणाला.

तुळसाला हसू आलं आणि टाके दुखले. "थापा मारू नका. त्याने आत्ताच लाथ मारली."