उजवीकडची बटणं

"पडलो! वहिनी, बघितलंत का? तुमच्या नवऱ्यानं मला लोळवला!" हिलरीनं रिमोट मांडीवर टाकून दोन्ही हात वर केले.

टीव्हीच्या पडद्यावर व्हिडिओ गेममधला त्याचा ढेरपोट्या पैलवान आडवा पडला होता. आत्मारामचा हिरव्या बनियनमधला सडपातळ गडी शेजारी नुसता उभा होता.

आत्माराम हसला नाही. त्याचा उजवा हात उशीवर पडून होता. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून तो हात त्याचं ऐकत नव्हता. डाव्या हातानं तो आपल्या गड्याला मागंपुढं नेऊ शकत होता, पण ठोसे आणि लाथा मारायची बटणं रिमोटच्या उजव्या बाजूला होती. डावा अंगठा तिथवर पोचेपर्यंत समोरचा मारून मोकळा व्हायचा.

"मी ठोसाच मारला नाही," आत्माराम म्हणाला. जीभ जड झाल्यामुळे शब्द सावकाश येत होते. "तू पडलास कसा?"

"अरे, लागला असेल एखादा..."

"हिलरी, मी आजारी आहे. लहान पोर नाही."

 वसुंधरेनं, आत्मारामच्या बायकोनं, आणलेला चहा हिलरीनं उभ्याउभ्याच घेतला आणि तो निघाला.

दोघं वसईतल्या एका पंख्यांच्या कारखान्यात फिटर होते, निवृत्तही मागंपुढंच झाले. आत्मारामचा मुलगा सुमेध नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, तेव्हा त्याचा हा गेम घरीच राहिला. "भंगारात घाला, मला आता कुठं वेळ आहे?" असं तो म्हणाला होता. आत्मारामनं सहज लावून पाहिला, हिलरीला दाखवला आणि मग त्याचा नेमच होऊन बसला. रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की हिलरी गास गावाहून स्कूटरवर चंदनसारला यायचा, येताना वाडीतली केळी आणायचा. साठी उलटलेले दोन बाप्ये मग बाहेरच्या खोलीत असे ओरडायचे, की खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या की वसुंधरेला तोंड लपवावंसं वाटे.

"पोरगा मोठा झाला. तुम्ही कधी होणार?" ती विचारायची.

"पुढच्या रविवारी," आत्मारामचं उत्तर ठरलेलं.

हिलरी गेल्यावर आत्माराम बंद टीव्हीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "देऊन टाक तो कुणाला तरी. झालं खेळून."

हेच ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती. आता ऐकलं, तर तिनं रिमोट पुसून टीव्हीशेजारी ठेवला. "बघू," एवढंच ती म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या उजव्या अंगाला येऊन बसली. रिमोट तिनं त्याच्या डाव्या हातात दिला आणि उजवी बाजू स्वतः धरली.

"लाथ कुठली?"

"अगं, काय चाललंय तुझं?"

"लाथ कुठली ते सांगा."

"खालचं बटण. वरचं ठोशाचं."

तिनं दाबलं. हिरव्या बनियनवाल्यानं हवेत लाथ मारली.

"आता नाही! जवळ गेल्यावर!"

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगेपर्यंत... समोरचा मारतो गं!"

खरंच होतं. त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडेपर्यंत यांचा गडी आडवा झालेला असे. दोन-तीन दुपारी नुसत्या भांडणात गेल्या. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही बोलूच नका. तुम्ही न्या त्याला, मी बघते." हळूहळू तिला समजायला लागलं. घाव घालायला पुढं सरायच्या आधी हिरवा बनियनवाला किंचित मागं यायचा. वाद घालताना आत्मारामही असाच आधी गप्प व्हायचा.

रविवारी हिलरी आला, पण दारातच घुटमळला. आतमध्ये नवरा-बायको एकच रिमोट धरून बसले होते.

"या, हिलरीभाऊ. आणि आज मुद्दाम पडलात तर चहा मिळणार नाही."

हिलरी बसला. सुरुवातीला तो हात राखूनच खेळत होता. तेवढ्यात वसुंधरेची लाथ त्याच्या पैलवानाच्या बरोबर पोटात बसली. "आयला, वहिनी!" म्हणत तो खुर्चीच्या कडेला सरकला. मग मात्र त्यानं दयामाया केली नाही. यांच्या गड्याला कोपऱ्यात गाठून त्यानं असं झोडपलं, की उठायची सोय राहिली नाही. दुसऱ्या डावात तेच, तिसऱ्यातही तेच.

"हलकटा!" आत्मारामचा वाकडा ओठ थरथरत होता आणि डोळे चमकत होते. "कोपऱ्यात घेऊन मारतोस?"

"मग काय, पूजा करू तुझी?"

"वसू, परत लाव!"

तिनं परत लावला.

संध्याकाळी भाकरी थापताना तिच्या उजव्या अंगठ्यातून कळ गेली. तिनं हात झटकला, पीठ सारखं केलं आणि बाहेर आवाज दिला, "अहो, त्यांनी कोपऱ्यात गाठलं की सुटायचं कसं?"

 बाहेरून आत्माराम सांगायला लागला. एकेक शब्द जुळवत, मध्येच अडखळत, पुन्हा पहिल्यापासून. दवाखान्यातून आल्यापासून तो इतकं सलग बोलला नव्हता. तिनं गॅस बारीक केला आणि ती पिठाच्या हातांनी दारात उभी राहून ऐकत राहिली.