दुसऱ्या कंपनीचं रीळ

घड्याळजींनी काउंटरच्या काचेवर बोट टेकवलं आणि विचारलं, "ताराचं ते बाजूला खटका असलेलं रीळ आहे का?"

दुकानदार हसला. गळ, रॉड आणि रिळं विकण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती आणि तेवढी सगळी वर्षं हा माणूस त्याच्याकडे येऊन फक्त हंस मागत आला होता. रीळ हंसचं, दोरी हंसची, डोक्यावरची टोपीसुद्धा हंसची. तारा कंपनीचं नाव निघालं की घड्याळजी नाक मुरडतात, हे गावातल्या झाडून साऱ्या गळवाल्यांना पाठ होतं. म्हातारा आपली फिरकी घेतोय असं वाटून त्यानेही त्याच सुरात विचारलं, की पैज हरलात की काय.

"आहे का ते सांग."

दुकानदाराचं हसू ओसरलं. ते मॉडेल बंद होऊन तीन वर्षं झाली होती. आणलेल्या सहांपैकी एक अजून पडून होतं. त्याने स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरून खोकं काढलं, फडक्याने पुसलं, आणि जुन्या गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं होऊ नये म्हणून आपणहून सांगितलं, की हे लोकांच्या हातात बसत नाही.

"अंगठ्याला कामच नाही यात. धडधाकट हात असलेला माणूस असलं कशाला घेईल?"

घड्याळजींनी उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हाताने खोकं उचललं.

गावाबाहेरच्या तळ्यावर दर रविवारी बाराजण जमत. हौसेने मासे धरायचे, बरेचसे परत सोडायचे, आणि दिवसभर रिळांवरून वाद घालायचा. हंसवाले बांधाच्या उंच टोकाला बसत, तारावाले पाणी सोडायच्या दरवाजाजवळ. मधल्या पन्नास पावलांत कोणी खुर्ची टाकत नसे. हंसवाल्याला मासा मिळाला नाही तर दोष पाण्याचा आणि तारावाल्याला मिळाला नाही तर दोष रिळाचा, हा न्याय घड्याळजींनीच घालून दिलेला. त्यांच्या शेजारची जागा वीस वर्षं निवृत्त पोस्टमास्तरांची होती. तेही हंसवाले, पण बोलण्यापेक्षा ऐकण्यात रमणारे.

बायको गेली तेव्हा लेक सहा वर्षांची होती. रविवारी तिला ठेवायचं कोणापाशी, म्हणून घड्याळजी तिला तळ्यावर आणू लागले. नवव्या वर्षी ती हंसचं रीळ पूर्ण उघडून, दातेरी चाकांना तेल देऊन, एकही स्क्रू न उरवता परत जोडायची. पुढे ती इंजिनिअर झाली आणि दूरच्या शहरात नोकरीला लागली ती नेमकी तारामध्ये. घर फुटलं म्हणून हंसवाल्यांनी घड्याळजींना महिनाभर पिडलं. घड्याळजी वरवर कपाळाला हात लावत, पण तिच्या नेमणुकीच्या पत्राची घडी त्यांच्या पाकिटात होती.

त्याच सुमारास त्यांच्या उजव्या अंगठ्याचं पेर आखडायला लागलं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा सगळा धंदा अंगठा आणि तर्जनीच्या मधे असतो. गिऱ्हाइकांना कळलं की दुकान बसलंच म्हणायचं. त्यांनी कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. नाजूक कामं ते सकाळी शटर अर्धं खाली ओढून, दुप्पट वेळ लावून करू लागले. पंचाईत तळ्यावर व्हायची. हंसच्या रिळात गळ फेकताना चाकी अंगठ्याने दाबून सोडावी लागते. दाब जरा चुकला की दोरीचा हा एवढा गुंता. गुंता झाला की घड्याळजी वाऱ्याला शिव्या घालत.

लेकीला मात्र ते एका सुट्टीत, त्यांनी कप उचलला तेव्हाच कळलं. तिने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला, अंगठा हळूच इकडे-तिकडे वळवून पाहिला आणि सोडून दिला.

त्यानंतर दीडेक वर्षाने, एका रविवारी, ती स्टेशनवरून घरी न जाता थेट तळ्यावर आली. कधी नव्हे ते बाराच्या बारा हजर होते. ती धावतच बांध चढली, धाप लागलेली असतानाच खोकं उघडलं आणि आतलं रीळ त्यांच्यापुढे धरलं. ते अजून बाजारात आलेलं नव्हतं.

"बाबा, यात तुला अंगठा वाकवावाच लागणार नाही. बोटाने हा खटका ओढायचा, बस. मी केलंय हे."

घड्याळजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सगळे बघत होते. आता कोणीतरी विचारणार, की अंगठ्याला काय झालंय, आणि उद्या ते दुकानापर्यंत पोचणार. त्यांनी हात खिशात सारला आणि मोठ्याने हसले.

"ताराचं रीळ? फार तर शिशाच्या गोळीऐवजी दोरीला बांधीन. बुडायला बरं."

बांधावर हशा पिकला. तीही हसली, जराशी उशिराने. मग तिने रीळ खोक्यात ठेवलं, खोकं पिशवीत ठेवलं आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेली.

घडलं ते एवढंच. भांडण नाही, अबोला नाही. फोन यायचे, आधी आठवड्याला, मग महिन्याला, मग वाढदिवसाला. ती यायचीही, दोन दिवसांसाठी, पण तळ्यावर नाही. दर वेळी घड्याळजींना वाटायचं, त्या दिवशी का हसलो ते या खेपेला सांगून टाकू. अशी सात वर्षं गेली. अंगठा आता लाकडासारखा झाला होता. गेले दोन महिने ते तळ्यावर नुसतेच, पोट बरं नाही असं सांगून, रॉड न जोडता बसत होते.

रीळ आणल्यावर बुधवारी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि एकटेच तळ्यावर गेले. रीळ रॉडवर चढवलं, बोटाने खटका ओढला. दोरी सळसळत सरळ गेली आणि जिथे हवी तिथे पडली. किती वर्षांनी. घड्याळजींनी ती गुंडाळून परत फेकली. परत फेकली. अकराच्या सुमाराला हातभर लांबीचा मासा लागला आणि त्याने त्यांना चांगलं घामाघूम केलं. त्याला पाण्यात सोडल्यावर ते आजूबाजूला पाहत राहिले. मग खिशातून फोन काढला.

सगळं ठीक आहे ना, हा लेकीचा पहिला प्रश्न होता. कामाच्या दिवशी ते कधी फोन करत नसत. ठीक आहे म्हणाले. मासा मिळाला म्हणाले.

"तुझ्या रिळावर मिळाला."

पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती.

"ते कुठे मिळालं तुम्हाला? कंपनीने बंद केलं ना ते."

त्यांनी दुकानाचं सांगितलं. ती म्हणाली, खपलंच नाही. बंद झालं त्याच वर्षी तिनेही तारा सोडली होती. आता ती पंपांच्या कारखान्यात होती. तीन वर्षं. तेव्हा तिने नवा पत्ता कळवला होता आणि घड्याळजींनी तो का बदलला हे न विचारता वहीत उतरवून घेतला होता.

"फार छान चालतं गं," ते म्हणाले. "त्या दिवशी मी..."

"आतली स्प्रिंग नाजूक आहे," ती म्हणाली. "सुटे भाग आता मिळणार नाहीत. जपून वापरा."

वापरा. लहानपणी ही पोर बांधावरून ओरडायची, 'ए बाबा, तू थांब, मी ओढते'. 'तुम्ही' नेमकं कधी सुरू झालं हे घड्याळजींना आठवेना. ते आठवेपर्यंत तिकडून कोणीतरी तिला हाक मारली, आणि तिने काळजी घ्या म्हणून फोन ठेवला.

रविवारी ते नेहमीच्या वेळी तळ्यावर गेले. हंसवाल्यांच्या टोकाला खुर्ची टाकली आणि सगळ्यांदेखत ताराचं रीळ रॉडवर चढवलं. माना वळल्या. कोणी काही म्हणायच्या आत घड्याळजींनी उजवा हात पुढे धरला.

"हे माझ्या लेकीने बनवलंय. माझा अंगठा वाकत नाही. नऊ वर्षं झाली."

त्यांना वाटलं होतं, प्रश्न येतील, कीव येईल, थट्टा होईल. तसं काही झालं नाही. एकाने टोपी सारखी केली, दुसरा डब्यातली गांडुळं निवडत बसला. खाली दरवाजाजवळचे तारावालेही वर बघत होते.

"आम्हाला ठाऊक होतं, घड्याळजी," पोस्टमास्तर म्हणाले.

"कुणाला?"

"सगळ्यांनाच. इतकी वर्षं तुमचे गळ मी बांधून देतोय, मला हाताला चाळा हवा असं सांगून. कसला चाळा?"

पोस्टमास्तर जरा अडखळले, पण आता सुरुवात केलीच होती. हे रीळ बनवताना लेकीने त्यांना फोन केले होते. बाबांचा अंगठा किती वाकतो, खटका कुठे ठेवला तर बोट न ताणता पोचेल. बाबांना विचारलं तर ते लपवतील, म्हणून यांना. मग पोस्टमास्तर दर रविवारी शेजारी बसून त्यांचा हात बघायचे आणि रात्री घरी जाऊन तिला कळवायचे. ती कधी येणार, काय आणणार, हेही सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर त्या दिवशी एकही माणूस गैरहजर नव्हता.

"मग हसलात का?" घड्याळजींनी विचारलं.

पोस्टमास्तरांनी आपला रॉड खाली ठेवला.

"तुम्ही हसलात म्हणून."

घड्याळजींनी मान हलवली. खटका ओढून गळ फेकला. दोरी सरळ गेली. पोस्टमास्तरांनी आपली खुर्ची थोडी फिरवली, शेजारचा चेहरा दिसणार नाही इतपत, आणि इतरांनीही आपापल्या पाण्याकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने घड्याळजींच्या दोरीवर तरंगणारं लाल बूच बुडालं, वर आलं, परत बुडालं. ते सगळ्यांना दिसत होतं. घड्याळजींनी दोरी ओढली नाही, आणि ओढा असं कुणी म्हटलं नाही.