ओट्याची उंची

मला स्वयंपाक येत नाही याचं कारण माझ्या बायकोच्या मते आळस, आणि माझ्या मते ओटा. आमच्या स्वयंपाकघरातला जुना ओटा इतका बुटका होता की त्यावर कांदा चिरायचा तरी मला कमरेत वाकावं लागे. ती ठेंगणी, तिला तो अगदी बेताचा. मी ताडमाड. तिने कधी 'जरा एवढी भाजी चिरून द्या' म्हटलं की मी कमरेवर हात ठेवून 'पाठ दुखते' म्हणायचो, आणि ती 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणत सुरी परत घ्यायची. दिवसभर मशीनवर वाकता तेव्हा ही पाठ कुठे जाते, असंही विचारायची.

मी शिंपी. गल्लीत मला सगळे मास्तर म्हणतात. चिडवायचं असलं की तीही म्हणायची.

तिची हौस एकच होती, पांढरा संगमरवरी ओटा. लग्न नवं असताना ती एका गिऱ्हाइकाच्या घरी शिवलेले कपडे पोचवायला गेली होती आणि त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पाणी प्यायली होती. तिथला पांढरा ओटा तिच्या डोक्यात बसला तो बसलाच. आम्ही दर वर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणत आलो. मग यंदा मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट टेबलावर पसरले आणि आता औषध फक्त दुखणं कमी करण्यापुरतं, असं सांगितलं. बाहेर बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "स्वयंपाकघर करून घेऊ या."

खोटं कशाला बोलू, मला आशा वाटली. जे माणूस घर नीट करायला काढतं ते कुठे जात नाही, असं मी धरून चाललो. पांढरा ओटा होईल, ती त्याच्यापुढे उभी राहील आणि डॉक्टर तोंडावर पडतील. डॉक्टर म्हणजे काय देव लागून गेला?

दगडांचं दुकान म्हणजे मोठं गोदामच होतं. लाकडी चौकटींना टेकून फरश्या उभ्या होत्या आणि मागच्या बाजूला दगड कापायचं यंत्र कानठळ्या बसवत होतं. सगळीकडे ओला चिखलट भुगा.

"पांढरा दाखवा," मी दुकानदाराला म्हणालो. "सगळ्यात पांढरा."

त्याने एका फरशीवरचं गोणपाट बाजूला केलं आणि तिच्यावर पाणी मारून ती पुसली. बायकोने त्यावर तळहात ठेवला. बराच वेळ तो तिथून काढला नाही. मग विचारलं, "यावर लिंबू पिळलं गेलं तर?"

"लगेच पुसायचं, वहिनी. राहिलं तर चमक जाते, डाग पडतो."

"आणि चहा सांडला, तेल सांडलं तर?"

"तेच. लगेच पुसलं की काही होत नाही."

"लगेच," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. "दुसरं दाखवा. पुसलं नाही तरी चालेल असं."

त्याने एक ग्रॅनाइट दाखवला. करडा, त्यावर तपकिरी-काळे ठिपके. आमच्या धंद्यात अशा रंगाला मळखाऊ म्हणतात. पोरांच्या रोजच्या चड्ड्या त्यात शिवतात, आयांचा त्रास वाचतो. तिने लगेच मान डोलावली.

"हा?" मी म्हणालो. "इतकी वर्षं पांढरा पांढरा करून डोकं खाल्लंस ना माझं?"

"आता हा आवडला."

"काल आवडत नव्हता."

"काल बघितला कुठे होता?"

खालच्या फरशीचंही तसंच. दुकानदार तोंड दिसेल अशा गुळगुळीत टाइल्स मांडत होता आणि ती त्या बाजूला सारत होती. तिला खरखरीत हवी होती, ओल्या पायाने घसरणार नाही अशी. हल्ली तिचा तोल जायचा, त्यामुळे ते मला पटलं. मी म्हटलं, हो, हीच घेऊ. तेवढ्यात ती दुकानदाराला म्हणाली, "आंघोळ करून तसेच ओल्या पायांनी घरभर हिंडतात हो. सांगून सांगून थकले." दुकानदार हसला. मला हसू आलं नाही.

घरी येताना मला राग आला होता, आणि कुणाचा ते सांगता येत नव्हतं. पांढरा ओटा घेणारं माणूस तो पुसायला राहणार असतं. मळखाऊ घेणारं माणूस काय ठरवून बसलेलं असतं, हे मी मनातसुद्धा पुरं म्हटलं नाही. जेवताना एकदा बोलून बघितलं. "निदान खिडकीखाली एक पांढरा तुकडा बसवू."

"ठिगळं लावू नका, मास्तर," ती म्हणाली.

मिस्त्रीने येऊन जुना ओटा फोडला आणि भिंत मोकळी केली. टेप हातात घेऊन त्याने विचारलं, "उंची किती ठेवायची? ओट्यावर काम कोण करणार?"

"ही काय, समोर उभी आहे," मी म्हणालो.

"हे करणार," ती म्हणाली.

दोघं एकदमच बोललो. मिस्त्री आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिला.

"उभे राहा इकडे," ती मला म्हणाली. "हात कोपरातून वाकवा."

"मला स्वयंपाक येत नाही."

"शिकवते."

"माझी पाठ दुखते."

"म्हणूनच. तुमचं अंगण सरळ करून देते, मग बघू."

मी मिस्त्रीवर खेकसलो, हिच्याच मापाने कर म्हणालो. त्या बिचाऱ्याचा काय दोष? तिला उभं राहवेना, ती खुर्ची धरून बसली आणि बसूनच बोलली. "कपडा शिवताना माप कुणाचं घेता? जो घालणार त्याचंच ना? मी थोड्या दिवसांची आहे. मी गेल्यावर पाठ दुखते म्हणून तुम्ही उपाशी बसून राहाल, ओळखते मी. ती काळजी घेऊन मला जायचं नाही."

मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो. जन्मभर मी लोकांच्या अंगाला टेप लावला, पण माझं माप कधी कुणी घेतलं नव्हतं. माणसं तेव्हा श्वास रोखून का उभी राहतात, ते मला तिथे समजलं. मिस्त्रीने माझ्या कोपराखाली चार बोटं सोडून भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. तीही उठून रेघेपाशी आली. रेघ तिच्या छातीला लागत होती. "छान," ती म्हणाली.

ओटा झाला, फरशी झाली. तिचा हात पुरेना म्हणून मी माझ्या जुन्या कापायच्या टेबलाच्या फळ्या ठोकून तिच्यासाठी पायाखाली घ्यायला एक चौरंग केला. त्यावर उभी राहून तिने मला शिकवायला घेतलं. मी विचारायचो, मीठ किती? ती म्हणायची, गिऱ्हाइकाकडे बघून कापड किती लागेल ते कळतं ना, तसंच. मी भात करपवला, डाळ खारट केली, चहा उतू घालवला. सांडलेलं मी पुसायचं विसरलो की ती ओट्याकडे बोट दाखवायची. "बघा, दिसतंय का काही?" आपली निवड बरोबर ठरली याचा तिला फार आनंद व्हायचा. मला त्या मळखाऊ दगडाचा भयंकर राग यायचा, अजूनही येतो.

पुढे चौरंगावर उभं राहणं होईना, मग ती दारात खुर्ची टाकून बसायची. मग खुर्चीही होईना. आतल्या खोलीतून तिचा आवाज यायचा, "वास येतोय, गॅस बारीक करा." तिथे पडल्या पडल्या तिला बरोबर कळायचं. एक दिवस भाजी पूर्ण करपली तरी आतून आवाज आला नाही.

माणसं आली आणि गेली. लेक चार दिवस जास्त राहिली, माझ्याकडे चला म्हणून मागे लागली. मी नाही म्हणालो. लेक गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं.

त्या दिवशी आंघोळ करून तसाच ओल्या पायांनी स्वयंपाकघरात गेलो. पाय घसरला नाही. चौरंग ओट्याखाली सरकवून ठेवला. बटाटे चिरले, फोडणी केली, भात लावला. तेल सांडलं ते पुसलं नाही, आणि ते कुठे सांडलं हे मलाही परत सापडलं नाही. भात बरा झाला होता. गॅस बंद केला आणि सवयीने हात कमरेवर गेला.

पाठ दुखत नव्हती. न जेवायला दुसरं कारण शोधत मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. एकही सापडलं नाही. मग ताट घेतलं.