दोन ब्रेकची गाडी

सकाळी चहा गाळता गाळता मावशींनी एक थाप ठोकून दिली. भाच्याला जुनी गाडी घ्यायची आहे, हप्ते थकले म्हणून बँकेने उचलून आणलेल्या गाड्यांचा आज लिलाव आहे, आणि इंजिनातलं कळणारं माणूस घरातच असताना त्या बिचाऱ्याने बाहेर कुणाकुणाचे पाय धरायचे?

"त्याला स्वतःला यायला काय धाड भरली?" दादांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

"सुट्टी नाही मिळाली. तुम्ही फक्त इंजिन ऐका. बोली लावायला हात मी वर करीन."

दादा 'हं' म्हणाले. सात महिन्यांत कुणी त्यांना इंजिनाबद्दल काही विचारलं नव्हतं. पेपर अर्धाच वाचून त्यांनी त्याची घडी घातली आणि ते शर्ट बदलायला उठले, तेव्हा मावशींचा जीव भांड्यात पडला.

इस्पितळातले सगळे त्यांना दादा म्हणत आणि त्यांच्या बायकोला मावशी. नात्याने हे जोडपं काही जुळत नाही, पण लोकांनी ठेवलेल्या नावांना कुठे ताळमेळ असतो? दादांनी तिथे तेहतीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली. मावशी तिथल्याच कपड्यांच्या खोलीत शिलाई मशीनवर चादरी, गाऊन आणि पडदे शिवायच्या, अजूनही शिवतात. स्वतःची गाडी दोघांनी कधी घेतली नाही. निवृत्तीनंतर मित्राची गाडी मागून आणायची आणि शेजारपाजारच्यांना हवं तिथे पोचवायचं, यातच दादांचा दिवस जायचा. मग काचबिंदू झाला. समोरचं लख्ख दिसतं, पण दोन्ही बाजूंचं पुसत चाललंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. लायसन पुढे वाढवून मिळालं नाही.

त्या दिवसापासून दादा कुणाच्या गाडीत बसले नाहीत. जिथवर पाय नेतील तिथवर जायचं, आणि पाय फार लांब नेत नव्हते. मित्र दारात गाडी घेऊन आला, चल म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवलं. मावशी भांडल्या, रुसल्या, एकदा तर रडल्याही. तेव्हा कुठे दादांनी तोंड उघडलं.

"ॲम्ब्युलन्समध्ये माझ्या शेजारच्या सीटवर कोण बसायचं, ठाऊक आहे ना तुला? पेशंटचा माणूस. कुणाचा बाप, कुणाची बायको. मागे आपलं माणूस तडफडतंय आणि यांच्या हातात काही नाही. सगळेच्या सगळे पायाने जमीन दाबत बसायचे, जणू तिथे ब्रेक आहे. मी म्हणायचो, पाय सोडा, मी आहे ना. ती सीट मी तेहतीस वर्षं बघितली आहे. मला नाही तिथे बसायचं."

यावर मावशी गप्प बसल्या. पण मावशींचं गप्प बसणं म्हणजे मशीनमध्ये नवा दोरा ओवणं असतं, हे इतक्या वर्षांत दादांना कळायला हवं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात कपड्यांच्या खोलीत 'जादा काम' निघालं. रोज संध्याकाळी एक तास. ते जादा काम इस्पितळाच्या मागच्या रस्त्यावर, एका फाटक्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चालायचं. शिकवणाऱ्या मास्तरांकडे एकुलती एक निळी गाडी होती. वयाच्या साठाव्या वर्षी चाक हातात घेताना मावशींचं धाबं दणाणलं होतं. मास्तर शेजारच्या सीटवरून म्हणाले, "मावशी, इकडे बघा. क्लच आणि ब्रेक माझ्याही पायाशी आहेत. माझा पाय इथे आहे, तुम्ही समोर बघा." मावशींनी खाली वाकून बघितलं आणि त्यांना एकदम रडूच आलं. मास्तरांना वाटलं, बाई घाबरल्या.

चार महिन्यांत मावशींना लायसन मिळालं. आणखी महिन्याभराने ड्रायव्हिंग स्कूलला टाळं लागलं आणि बँकेची माणसं निळी गाडी घेऊन गेली. मास्तरांनीच फोन करून लिलावाची तारीख सांगितली. "दोन ब्रेकची गाडी कुणी घेणार नाही, मावशी. भंगारवाले सोडून." मावशींनी फोन ठेवला आणि शिलाईतून बाजूला टाकलेले पैसे कपाटातून काढले. दादांना शेजारच्या सीटवर बसवायचं, तर याच गाडीच्या शेजारच्या सीटवर. दुसरी कुठलीही गाडी फुकट मिळाली तरी काय कामाची?

लिलावाचं आवार म्हणजे पत्र्याचं कुंपण घातलेलं मोठं मैदान. चाळीसेक गाड्या धूळ खात रांगेत उभ्या होत्या, प्रत्येकीच्या काचेवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला. एका टेबलावर पत्र्याच्या डब्यात किल्ल्या. गाडी चालू करून बघायला परवानगी होती, हलवायला नाही. गाडी जशी आहे तशी, मागाहून तक्रार चालणार नाही, हे भोंग्यावरून तीनतीनदा सांगून झालं. मावशींनी अनामत भरून चाळीस नंबरची पाटी घेतली.

दादा मात्र आवारात शिरले आणि माणूस बदलला. पाठ ताठ झाली. एकेका गाडीशी वाकून ते कान देऊन ऐकू लागले. "ही आतून रडतेय." "हिला रंग काढलाय, पण पुढून ठोकलेली आहे." दोन दलाल त्यांच्या मागे मागे फिरायला लागले, फुकटचा सल्ला कोण सोडतं? चालताना दादांचं कोपर एका गाडीच्या आरशाला थडकलं, तेव्हा मावशींनी काही न बोलता त्यांचा हात आपल्या हातात घेतला. बाजूचं दिसत नाही ना.

सतरा नंबरच्या पांढऱ्या गाडीपाशी दादा थांबले. इंजिन चालू झालं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हीच. डोळे मिटून घे. पोराचं भाग्य उजळलं."

"बरं," मावशी म्हणाल्या. मग अगदी सहज वाटावं अशा बेताने, "आणि ती पलीकडची? तेवीस नंबर, निळी?"

दादांनी लांबूनच नाक मुरडलं. दारावर 'शिकाऊ चालक' ही अक्षरं अजून पुसट दिसत होती. "शिकायची गाडी ती. बघायलाही नको. कुण्या अडाण्याने तिचा क्लच खाऊन टाकला असणार."

क्लच खाणारी अडाणी बाई त्यांच्या शेजारीच उभी होती. तिला थोडा राग आला, पण गिळला.

लिलाव सुरू झाला. सतरा नंबर आला तसं दादांनी कोपराने ढोसलं. "हात वर कर." मावशी पदराशी चाळा करत राहिल्या. "अगं, पाटी वर कर! झोपलीस का?" बोली चढली, थांबली, आणि गाडी मागे मागे फिरणाऱ्या दलालाने घेतली. दादांनी कपाळावर हात मारला. "हातची घालवलीस. आता काय सांगणार आहेस त्याला?" असं म्हणून ते फुरंगटून सरळ समोर बघत उभे राहिले.

मावशी हळूच सरकल्या आणि त्यांच्या डाव्या बाजूला अगदी खेटून उभ्या राहिल्या. आपल्या नवऱ्याला तिथलं दिसत नाही, या गोष्टीचं त्यांना सात महिन्यांत पहिल्यांदाच बरं वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल लगेच वाईटही वाटलं.

तेवीस नंबर. भोंगेवाला स्वतःच हसला. "दोन ब्रेक आहेत मंडळी, नवराबायकोला एकेक!" मैदानात हशा पिकला. एका भंगारवाल्याने कंटाळून पाटी वर केली. मावशींनी केली. भंगारवाल्याने वळून बघितलं आणि पुन्हा केली. मावशींनी पुन्हा. पाटी काही खाली येत नव्हती.

"कोण हा शहाणा?" दादा पुटपुटले. "या खटाऱ्याचा भाव चढवतोय. डोकं फिरलंय का याचं?"

"असेल," मावशी म्हणाल्या आणि चौथ्यांदा पाटी वर केली.

भंगारवाल्याने खांदे उडवले. "तेवीस नंबर, पाटी चाळीस, त्या मावशींना!" भोंगा गरजला. चाळीस हा आकडा दादांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी मान पूर्ण वळवली, खांद्यासकट, आणि त्यांना पाटी दिसली, पाटीखालचा हात दिसला, आणि हाताखाली स्वतःची बायको.

"हे काय केलंस?"

मावशींनी पर्समधून लायसन काढून त्यांच्या नाकासमोर धरलं, अगदी समोर, जिथे त्यांना दिसतं तिथे. दादा त्या फोटोकडे बघत राहिले.

"भाचा?"

"भाच्याकडे दोन गाड्या आहेत."

"जादा काम?"

"तेच ते. क्लच मीच खाल्लाय. दुसरी गाडी मला चालवता येत नाही, आणि दुसऱ्या गाडीत तुम्ही बसणार नाही." बोलता बोलता त्यांचा आवाज चढला आणि चढता चढता फुटला. "तुम्ही म्हणालात त्या सीटवर माणसाच्या हातात काही नसतं. हिच्यात आहे. खाली बघा जाऊन. तुमच्या पायाशी खराखुरा ब्रेक आहे. मी तुम्हाला सामान म्हणून नेत नाहीये हो. तुमचा पाय तिथे असला, तर मला समोर बघता येईल."

दादांनी लायसन धरलेला तो हात बाजूला सारला. भांडले असते तर बरं झालं असतं. मावशींनी टेबलावर पैसे भरले, सह्या केल्या, फाटकाची चिठ्ठी घेतली. गाडी नावावर यथावकाश होणार होती, न्यायची मात्र आजच. परत येऊन बघतात तो दादा फाटकाच्या दिशेने चालू लागलेले.

"बसने जातो," ते पाठमोरेच म्हणाले.

मावशी एकट्याच गाडीत बसल्या. धुळीचा आणि जुन्या रबराचा वास आला. त्यांनी किल्ली फिरवली, गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा फिरवली, पुन्हा उडी. दलाल हसायला लागले. मावशींना पुढचं दिसेना, कारण डोळे भरून आले होते आणि त्यांना वायपर नसतो.

फाटकाशी दादा थांबले होते. वळले नव्हते, पण कान इकडेच होते. तिसऱ्यांदा गाडी गचकली तेव्हा त्यांना ते सहन होईना. तेहतीस वर्षं त्या कानांनी इंजिनं ऐकली होती. ते तरातरा परत आले आणि खिडकीत वाकून ओरडले, "अगं, गियरमध्ये आहे गाडी! आधी न्यूट्रल कर!"

"इथून कशाला ओरडता? आत बसून ओरडा."

दादा क्षणभर दाराची कडी धरून उभे राहिले. मग दार उघडलं. आधी त्यांनी खाली वाकून दोन्ही पॅडल हाताने दाबून बघितली, आणि मग त्या सीटवर बसले, कडेकडेने, पाहुण्यासारखे.

गाडी फाटकापाशी आली. दादांचा पाय ब्रेकवर तयार होता, नजर समोर. समोर रस्ता मोकळा होता. "चल," ते म्हणाले. पण मावशींनी कचकन ब्रेक लावला. डावीकडच्या पत्र्याआडून एक सायकलवाला बोनेटला जवळजवळ घासून सुळकन निघून गेला.

दादांना तो दिसला तेव्हा तो समोर पोचलेला होता. त्यांचा पाय जागच्या जागीच राहिला होता.

"दिसला होता तुला?"

"हो."

दादांनी मान डोलावली, एकदा नाही, तीनचारदा. मावशींनी गाडी रस्त्यावर घेतली. आता त्या बाजूंचंही बघत होत्या, आरशातलंही, आणि मधूनमधून शेजारचंही. दादांचा पाय काही सुटत नव्हता. बस दिसली की दाब, सिग्नल दिसला की दाब. एकदा काहीच नसताना गाडी गपकन थांबली आणि मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून उद्धार केला.

मावशींनी पुन्हा पहिला गियर टाकला. दादांकडे न बघता, समोर बघत त्या म्हणाल्या, "अहो, पाय सोडा. मी आहे ना."

शब्द कुणाचे, हे दोघांनाही ठाऊक होतं. गाडी पुढे निघाली, इंजिनाचा आवाज काही फार चांगला नव्हता. मग मावशींना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, की दादांनी चपला काढल्या, दोन्ही पाय पॅडलवरून मागे घेतले आणि एकावर एक ठेवले. खिडकीची काच खाली केली. कोपर बाहेर काढलं.

घराचं वळण आलं. मावशींनी इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, गाडी वळवली.

"क्लच बदलायला हवा," दादा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "उद्या किती वाजता निघायचं?"