धुऱ्यावरचा धूर

धान कापून झालेल्या बांधीत तृप्ती रिमोट धरून उभी होती, पण पाय एका जागी ठरत नव्हते. समोर बाबांचं शेवटचं विमान होतं. कारखान्यातून निवृत्त होऊन एकोडीला परतल्यावर त्यांनी थर्माकोलची कितीतरी विमानं केली. सगळ्यांना पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक इवलंसं. हे एवढं त्यांच्या हातून उडायचं राहिलं.

"साबूत आण, ताई," धाकटा धनंजय म्हणाला. भिंतीत ठोकायचा खिळा त्याच्या खिशातच होता. "मले ते बाबाच्या फोटोजवळ टांगायचं आहे."

"बाबाचं एक तरी साबूत उतरलं होतं काय?"

"म्हणूनच म्हणतो, उडवू नको."

तिने उडवलंच.

वर विमान गुणी होतं. खोड उतरतानाची. वजन पुढच्या चाकांच्या मागे, त्यामुळे शेपटी जरा कलली की तीच पुढे यायला धावते. बैलबंडी उलटी ढकलली की वळते, तशी. "चाकं टेकली म्हंजे उतरलं नाही वं, थांबलं म्हंजे उतरलं," बाबा सांगायचे, आणि स्वतःच विसरायचे.

वारा कुठून आहे ते कळावं म्हणून तेव्हा आई बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, मूठभर तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, पेटवायची. बाबा गेल्यापासून ती बांधीकडे फिरकली नव्हती. आजही "मले नाही पाहाचं" म्हणून घरातच बसली होती.

रिमोट चिरकू लागला. बॅटरी संपत आली होती. वारा तलावाकडून होता की सडकेकडून? तृप्तीने दोनदा विमान खाली आणलं, दोनदा घाबरून वर नेलं.

"उतरव ना आता!" धनंजय ओरडला.

"कुठून उतरवू?"

तेवढ्यात धुऱ्यावरून धूर निघाला. आई वाकून तणस पेटवत होती. धूर डावीकडून उजवीकडे आडवा पळत होता. तृप्तीने दात आवळून विमान खाली घेतलं. चाकं टेकली. वाऱ्याने शेपटी उजवीकडे ढकलली, नाक डावीकडे वळू लागलं. तिने रिमोटची काडी अंगठ्याने उजवीकडे दाबून धरली. विमान सरळ धावलं.

"उतरलं वं!" आई ओरडली.

त्या आवाजासरशी तृप्तीचा अंगठा सैल पडला. शेपटी गर्रकन पुढे आली, विमान स्वतःभोवती फिरलं आणि पंखाचं टोक मातीत घासून तुटलं.

आईने विमान उचललं, पंखावरची माती पदराने पुसली.

"तुह्या बाबाच्या हातून तर आखा पंख गेला असता," ती म्हणाली. मग धनंजयकडे वळली. "कायले उभा आहे रे खिळा चाचपत? टेप आण. अन् दुसरी बॅटरी."

"आई, पुन्हा तुटंल."

"तुटू दे."

ती तणसाच्या ढिगाकडे चालू लागली. तृप्तीने अंगठा काडीवर ठेवला. विमान थांबेपर्यंत तो आता सैल सोडायचा नव्हता.