मास्तरांचा विडा

नवऱ्याला, भार्गवनला, साखरेचा आजार जडला आणि तंकम्माने स्वयंपाकघरामागच्या शेवग्यावर चक्करकोल्लीची वेल चढवली. भारी नखरेल वेल. दोन फांद्या उन्हाने जळाल्या, तिसरी मासे धुतलेल्या पाण्यावर तगली आणि मग अशी माजली की शेवगा दिसेना. दोन पानं चावली की तासभर गोडाची चवच कळत नाही.

"चहा नुसता चिखल लागतो गं!" भार्गवन रोज कुरकुरायचा.

"मग चिखल समजून प्या."

यंदा ओणमच्या पायसमच्या, म्हणजे गुळाच्या खिरीच्या, स्पर्धेआधी त्याच पानांवरून तंकम्माच्या डोक्यात किडा वळवळला. पहिला नंबर दरवर्षी विलासिनीचा, कारण परीक्षक दिवाकरन मास्तरांची जीभ मुंगीची. गूळ जास्त, गुण जास्त. तंकम्माच्या पायसमात नारळाचं दाट दूध बोलायचं. गूळ ओतून जिंकणं तिला चोरीसारखं वाटे. एकदा, फक्त एकदा, आपल्या दुधाने जिंकायचं होतं तिला. मास्तरांची गोडाची जीभ तेवढी झोपवली, की दुधालाच गुण!

सकाळी चुलीवर पायसम रटरटत असताना तिने पान आधी स्वतः चावून पाहिलं. वर साखर टाकली तोंडात. वाळू! खूश होऊन तिने सवयीने पायसम चाखलं, तर ते अगदीच सपक. आनंदाच्या भरात बाईला कारण सुचलंच नाही. गुळाची एक ढेप टाकली, चाखलं. आणखी एक टाकली.

मंडपात तिने मास्तरांना विडा दिला, आत चक्करकोल्लीची चार पानं.

"मास्तर, तोंड स्वच्छ करा आधी."

"तुझ्यासारखी काळजी घरातसुद्धा कोणी घेत नाही, तंकम्मा!"

मास्तर पहिल्या पातेल्याशी थबकले. दुसऱ्याशी त्यांना घाम फुटला. जीभ गेली म्हणावं, तर परीक्षकाची खुर्ची गेली. सगळी पातेली सारखी स्टीलची, बिननावाची. फक्त विलासिनीची पितळी उरुळी आंधळ्यानेही ओळखावी अशी. मास्तरांनी तिथे डोळे मिटून मान डोलावली.

"वा! हीच पहिली!"

तंकम्माचा चेहरा पडला.

जेवणं उरकेपर्यंत मास्तरांची जीभ जागी झाली. सहज एका पातेल्यात त्यांनी पळी बुडवली आणि ओरडलेच, "अरे, हे कुणाचं? असा सढळ गूळ जन्मात चाखला नाही! हेच पहिलं! विलासिनीकडून बक्षीस परत घ्या!"

पातेलं तंकम्माचं होतं. तिने धावत जाऊन घोटभर प्यायलं. दुधाचा पत्ता नाही. गूळ, नुसता गूळ.

"बोला, कुणाचं?"

भार्गवनने कौतुकाने तोंड उघडलं. तंकम्माने त्यात अख्खा पापड कोंबला.

"कुणास ठाऊक, मास्तर," ती म्हणाली. "पण कसलं गुळमट केलंय मेलीने!"